‘विषादनगरी’ आणि तिचे प्रेक्षक

१

कलाकृतीविषयी रसिकांत मतभेद होणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु तो मतभेद ज्या शब्दाने व्यक्त होतो तो शब्दच अनेकार्थी असला, म्हणजे वाद पुढे सरकत नाही. जागच्या जागी फिरत राहतो. चित्रपटाच्या समीक्षेत ‘संथ’ हा असाच एक शब्द आहे. एकाच चित्रगृहातून बाहेर पडणारे दोन प्रेक्षक एकाच चित्रपटाला संथ म्हणतात. एकाच्या तोंडी ती तक्रार असते, दुसऱ्याच्या तोंडी प्रशस्ती. पहिला दुसऱ्याला ढोंगी समजतो, दुसरा पहिल्याला उतावळा समजतो आणि मूळ प्रश्न अस्पर्शित राहतो. तो प्रश्न असा की, ज्याला संथपणा म्हटले जाते तो चित्रपटाचा गुणधर्म आहे, की प्रेक्षक आणि चित्रपट यांच्या दरम्यान उभा राहिलेला एखादा अडसर आहे? आणि अडसर असल्यास तो एकच आहे, की अनेक अडसरांना मिळून आपण एकच नाव देत आहोत?

या प्रश्नाच्या विचारासाठी तैवानी दिग्दर्शक हौ श्याओ-श्येन याच्या १९८९ सालच्या चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण क्वचित सापडेल. त्याचे मूळ नाव ‘बेइछिंग छंगश’. मराठीत त्याला ‘विषादनगरी’ म्हणता येईल. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. हा मान मिळवणारा चिनी भाषांतील तो पहिला चित्रपट होय. त्याची लांबी १५७ मिनिटे आहे आणि एवढ्या काळात दृश्यखंड मात्र दोनशेहून थोडेच अधिक आहेत. म्हणजे एकेक खंड सरासरीने चाळीस सेकंदांहून अधिक काळ डोळ्यांसमोर राहतो. कॅमेरा बहुधा स्थिर आणि माणसांपासून दूर असतो. माणसे जेवतात, दारू पितात, गप्पा मारतात, दारातून आत येतात, जिन्यावरून खाली उतरतात. याच चित्रपटाला कोणी शतकातील थोर कृतींत गणतो, तर कोणी पहिल्या तासातच उठून जातो.

२

मतभेदांकडे वळण्यापूर्वी कथानकाची आणि इतिहासाची ओळख करून घेणे अवश्य आहे. कारण चित्रपट ती स्वतः करून देत नाही, आणि हेच पुढील चर्चेचे एक कारण आहे.

तैवान बेट १८९५ पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होते. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानी सम्राटाने आकाशवाणीवरून शरणागती जाहीर केली. चित्रपटाचा आरंभ याच भाषणाने होतो. घरात वीज गेलेली आहे, सम्राटाचा आवाज अंधारात ऐकू येत आहे आणि त्याच वेळी लिन कुटुंबातील थोरल्या भावाला मूल होत आहे. दिवे येतात आणि मुलाच्या नावात प्रकाशाचा अर्थ येतो. पुढे चीनचे राष्ट्रवादी सरकार बेटाचा कारभार हाती घेते. ज्यांनी मातृभूमीचे लोक म्हणून त्याचे स्वागत केले, त्यांचा थोड्याच काळात भ्रमनिरास होतो. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेइ शहरात चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला सरकारी मक्तेदारी खात्याच्या माणसांनी मारहाण केली. जमावावर गोळी झाडली गेली आणि एक माणूस मेला. दुसऱ्या दिवशी उठाव झाला. मार्चमध्ये मुख्य भूमीवरून सैन्य उतरले आणि त्यानंतर जे हत्याकांड झाले, त्यातील बळींची संख्या १९९२ च्या सरकारी अहवालाने १८ ते २८ हजारांच्या दरम्यान धरली आहे. १९४९ साली लष्करी कायदा आला. तो १९८७ पर्यंत टिकला. त्या काळात या घटनेचा उघड उच्चार करणे हेच संकट ओढवून घेणे होते. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो कायदा उठून जेमतेम दोन वर्षे झाली होती.

हा सारा काळ ज्यौफन या खाणींच्या डोंगरी गावातील एका कुटुंबाच्या मार्फत येतो. वृद्ध पिता आणि चार मुलगे. थोरला वन-श्युंग ‘छोटे शांघाय’ नावाचे उपाहारगृह चालवतो. दुसरा जपानी सैन्याबरोबर गेला, तो परतलाच नाही. तिसरा वन-लिआंग शांघायमध्ये जपान्यांचा दुभाषा होता. तो भ्रमिष्ट होऊन येतो, बरा होतो, शांघायच्या गुंडांच्या नादी लागतो आणि तुरुंगात मार खाऊन कायमचा वेडा होतो. चौथा वन-छिंग छायाचित्रकार आहे. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे तो ऐकू शकत नाही. हिनोमी नावाच्या परिचारिकेशी त्याचे मन जुळते आणि तिच्या रोजनिशीतून कथेचा बराच भाग उलगडतो. तिचा भाऊ हिनोए हत्याकांडानंतर डोंगरात आश्रय घेतो. शेवटी थोरला भाऊ गुंडांच्या गोळीने मरतो आणि वन-छिंगला सरकार पकडून नेते. घरातील जेवणाच्या मेजाशी म्हातारा बाप आणि वेडा मुलगा जेवताना दिसतात. मग ती खोली रिकामी उरते.

३

आता प्रेक्षकांचा विचार करू. तो हवेत करण्यापेक्षा एक घर डोळ्यांसमोर ठेवून केला, तर अधिक स्पष्ट होईल. चेन्नईत मांबलम रेल्वेस्थानकाच्या पूर्वेला त्यागरायनगरची बाजारपेठ आहे आणि पश्चिमेला वेस्ट मांबलम. अयोध्या मंडपम् याच भागात. अरुंद गल्ल्या, जुन्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, आणि त्या इमारतींत अजूनही दोन-तीन पिढ्या एकत्र राहणारी घरे, असे या वस्तीचे रूप आहे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज चेन्नईत आहेत. घरात ते जी मराठी बोलतात तिच्यात तमिळचे पाणी मिसळले आहे. दाराबाहेर ते तमिळ बोलतात आणि कचेरीत इंग्रजी. अशा एका घरी आजी, मुलगा आणि नात यांनी मिळून ‘विषादनगरी’ पाहिली असे कल्पावे.

नात महाविद्यालयात शिकते. तिला पडद्यावरची माणसे एकमेकांसारखी वाटतात. चेहरा जवळून दिसत नसल्यामुळे हा कोण नि तो कोण, हे कळेपर्यंत दृश्य संपते. तिच्या मते चित्रपट संथ आहे, कारण काही घडत नाही. मुलगा इतिहासाचा वाचक आहे. काय घडले हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच त्याची तक्रार वेगळी आहे. हजारो माणसे मारली गेली आणि पडद्यावर माणसे भात खात बसली आहेत, हे त्याला सोसवत नाही. त्याच्या मते चित्रपट संथ आहे, कारण तो मुद्द्यावर येत नाही. आजीला पडद्याखालची इंग्रजी अक्षरे पुरेशी वेगाने वाचता येत नाहीत. मात्र तिचे लक्ष जेवणाच्या मेजाकडे आहे. कोण आले, कोण आले नाही, कोणाचे ताट मांडलेले नाही, हे ती पाहते. तिला चित्रपट संथ वाटतच नाही; पण गोळ्या कोणी कोणावर झाडल्या आणि का, हे तिला अखेरपर्यंत कळत नाही.

या तिघांपैकी खरा रसिक कोण, असा प्रश्न विचारण्याचा मोह होईल आणि आजीच्या बाजूने निकाल देण्याचा मोह त्याहून मोठा होईल. तो टाळला पाहिजे. ज्या प्रेक्षकाला चित्रपटातील राजकारण मुळीच कळले नाही, त्याला ‘विषादनगरी’ कळली असे म्हणता येणार नाही. तिघांचेही ग्रहण अपुरे आहे, आणि प्रत्येकाचे अपुरेपण वेगळ्या जातीचे आहे.

४

या वेगळेपणाला नावे देण्यासाठी परकीय शास्त्राकडे धाव घेण्याचे कारण नाही. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रससूत्राचे विवरण करताना सात रसविघ्ने सांगितली आहेत. रसास्वाद ही निर्विघ्न प्रतीती होय. म्हणून ती कोणत्या कारणांनी खंडित होते याची त्याने बारकाईने मोजदाद केली. त्यांतील काही विघ्ने आपल्या प्रस्तुत प्रश्नाला चपखल लागू पडतात. हा विचार नाट्याच्या संदर्भात झालेला असला, तरी त्यातील तत्त्व चित्रपटालाही लागू करण्यास प्रत्यवाय नसावा.

पहिले विघ्न ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांचीच उणीव. परदेशी प्रेक्षकाच्या बाबतीत ही उणीव मुख्यतः भाषेची आहे, आणि ती वाटते त्याहून खोल आहे. या चित्रपटात तैवानी, मँडरिन, जपानी, शांघायची आणि कँटनची अशा निरनिराळ्या बोली बोलल्या जातात. एका प्रसंगी थोरला भाऊ शांघायच्या माणसांशी बोलणी करतो. त्याचे तैवानी शब्द आधी कँटनच्या बोलीत आणि मग शांघायच्या बोलीत उलथून समोरच्यापर्यंत जातात. ‘मातृभूमीच्या’ माणसांशी दुभाष्याच्या साखळीवाचून बोलता येत नाही, हे त्या दृश्याचे सार आहे. परंतु पडद्याखाली एकाच इंग्रजीत ओळी येत राहतात. पाच बोलींचा एक सपाट प्रवाह होतो, आणि प्रेक्षकाला दिसते ते एवढेच की, काही माणसे एकच गोष्ट तीनदा बोलत आहेत. ज्या दृश्यात सर्वाधिक ताण आहे तेच दृश्य त्यामुळे सर्वाधिक रेंगाळलेले भासते. येथे संथपणा चित्रपटाचा नाही. तो भाषांतराने निर्माण केलेला आहे.

याची उलट बाजू मराठी प्रेक्षकाने अनुभवलेली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपटही लांब, स्थिर दृश्यखंडांचा आहे आणि त्यातही मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी या भाषा वावरतात. सरकारी वकीलबाई घरी कोणती मराठी बोलतात, बचावाचा वकील घरच्यांशी कोणत्या भाषेत बोलतो, न्यायालयात कोणाची भाषा कोणाला कळत नाही, हे मुंबईचा प्रेक्षक कानाने टिपतो; त्याला त्या दृश्यांत बरेच काही ‘घडताना’ दिसते. केवळ उपशीर्षके वाचणाऱ्या परक्याला तीच दृश्ये मोकळी वाटू शकतात. वेस्ट मांबलमच्या आपल्या घराची गोष्ट येथे उल्लेखनीय आहे. जे कुटुंब उंबरठ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी भाषा बोलते, त्याला ‘विषादनगरी’तील भाषांचे नाट्य दोन वाक्यांत समजावून देता येईल. हे विघ्न ज्ञानाने दूर होणारे आहे; त्यासाठी प्रेक्षकाच्या अभिरुचीला दोष देण्याचे काही कारण नाही.

५

दुसरे विघ्न ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे वस्तू ठसठशीतपणे प्रत्ययास न येणे. नातीची तक्रार या जातीची आहे. चेहरा जवळ आणावा, महत्त्वाच्या क्षणी दृश्य तोडावे, संगीताने भावनेची दिशा सांगावी, या रीतीची तिच्या डोळ्यांना सवय आहे. हौने ती रीत सोडून दुसरी पत्करली आहे. लिनांच्या घराचा तोच भाग, तेच मेज, आणि रुग्णालयाचे तेच प्रवेशद्वार तो त्याच कोनातून पुनःपुन्हा दाखवतो. बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार सांगितले. त्यांच्या परिभाषेत म्हणायचे तर येथे स्थळांचा संवाद आहे आणि माणसांचा विरोध. चौकट बदलत नाही. तीत उभी असणारी माणसे बदलतात, कमी होतात. पहिल्यांदा दिसलेले मेज म्हणजे केवळ मेज असते. पाचव्यांदा दिसलेले मेज म्हणजे हिशेब असतो. हा हिशेब लागण्यासाठी आधीची चौकट स्मरणात असावी लागते, आणि ती स्मरणात राहावी म्हणून दृश्य पुरेसा वेळ टिकावे लागते. तेव्हा या चित्रपटाचा वेळ उधळलेला नाही. तो गुंतवलेला आहे. ठसठशीतपणा येथे एका क्षणात येत नाही, पुनरावृत्तीतून साठत येतो.

चेन्नईच्या प्रेक्षकाला ही रीत अगदीच परकी नाही. बालू महेंद्र यांचा ‘वीडु’ (१९८८) हा तमिळ चित्रपट याच शहरात एक मध्यमवर्गीय तरुणी घर बांधू पाहते त्याची कथा सांगतो. त्यात गाणी नाहीत. परवाने, कर्ज, सिमेंट, मुकादम यांचा क्रम आहे, आणि एक वृद्ध आजोबा अर्धवट बांधलेल्या भिंतींना हात लावून पाहतात एवढ्याच गोष्टीला प्रसंगाचे मोल आहे. अर्चना या अभिनेत्रीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्याने स्वतः घर बांधले आहे त्याला ‘वीडु’ संथ वाटण्याचा संभव कमी. सिमेंटच्या एकेका पोत्यात त्याचा जीव अडकलेला असतो. म्हणजे स्फुटत्व हे केवळ कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून नसते. प्रेक्षकाच्या अनुभवात त्या वस्तूला किती जागा आहे यावरही ते अवलंबून असते. आजीला मेज स्पष्ट दिसले ते याच कारणाने.

मात्र अनुभवाची ही जवळीकही निर्धोक नाही. जे दिसते ते केवळ आपलेच आहे, किंवा केवळ परक्याचेच आहे, अशा नियमाने देशकालात अडकून पडणे हेही अभिनवगुप्ताने विघ्नच मानले आहे. मेजाकडे पाहताना आजीला स्वतःच्या घरची पंगतच दिसत राहिली, तर तैवान नाहीसा होतो. नातीला तैवानच दिसत राहिला, तर घर नाहीसे होते. साधारणीकरण म्हणजे या दोन्ही टोकांमधून सुटणे. त्यासाठी तपशील पुसावा लागत नाही. तपशिलात न अडकता त्यातून पलीकडे पाहावे लागते.

६

आतापर्यंतची विघ्ने माहितीने, सवयीने किंवा दुसऱ्यांदा पाहण्याने दूर होण्यासारखी आहेत. मुलाची तक्रार मात्र तशी नाही. ती ‘अप्रधानता’ या विघ्नाशी निगडित आहे: जे प्रधान आहे ते प्रधानस्थानी नाही, असे तिचे स्वरूप आहे. आणि ही तक्रार केवळ कल्पित घरातील नाही. तैवानमध्ये चित्रपट अफाट चालला. परंतु तेथील काही समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नव्या चित्रपटाचा मृत्यू’ या अर्थाच्या नावाच्या लेखसंग्रहात ती एकत्र आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चाळीस वर्षे दाबून ठेवलेल्या हत्याकांडावर अखेर चित्रपट निघतो आणि तो हत्याकांड दाखवत नाही; नायक ऐकू न येणारा, बोलू न शकणारा; जुलूम करणाऱ्यांचे दर्शन धूसर; दुःख निसर्गदृश्यांत विरघळलेले. हा संयम नव्हे, पळवाट आहे.

हा आक्षेप उतावळ्या प्रेक्षकाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्यांच्या घरातील माणसे नेली गेली, त्यांना चाळीस वर्षांनंतर स्पष्ट शब्द ऐकण्याचा अधिकार होता. कलेची सूचकता अशा वेळी सत्ताधाऱ्यांच्या मौनाशी जुळती ठरू शकते, ही भीती निराधार नाही. येथे केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही, तो नीतीचा होतो. चित्रपटाच्या गतीवर वाद घालणाऱ्यांनी हे ओळखले पाहिजे की, काहींच्या तोंडी ‘संथ’ या शब्दाचा अर्थ ‘अपुरा न्याय’ असा असतो.

तरीही उत्तर शोधायचे ते चित्रपटातच शोधावे लागेल. आगगाडीचा प्रसंग पाहावा. उठावाच्या दिवसांत काठ्या घेतलेले तैवानी लोक प्रवाशांत मुख्य भूमीची माणसे हुडकत आहेत. ते वन-छिंगला तू कोठला, असे विचारतात. त्याला ऐकू येत नाही. महत्प्रयासाने तो आपण तैवानी असल्याचे शब्द उच्चारतो. सबंध चित्रपटात त्याच्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच. ते ओळखू येण्याजोगे नाहीत. म्हणून त्याच्यावर काठी उगारली जाते आणि हिनोएमुळे तो वाचतो. या पात्राच्या भूमिकेतील टोनी ल्युंग हा हाँगकाँगचा नट. त्याला तैवानी बोलता येत नसल्यामुळे पात्र मुके झाले, असे सांगितले जाते. कारण व्यावहारिक असो. परिणाम असा झाला की, ज्या काळात तोंडून निघणाऱ्या बोलीवर जीव अवलंबून होता, त्या काळाच्या मध्यभागी बोली नसलेला माणूस उभा राहिला. आणि हिंसा फक्त एकाच बाजूची नव्हती, हेही त्याच दृश्यात नोंदले गेले. पळवाट शोधणाऱ्याने हे दृश्य टाळले असते.

तुरुंगातील प्रसंगही असाच. कोठडीतील माणसांना बाहेर बोलावले जाते, बाहेर गोळ्यांचे आवाज होतात. प्रेक्षक ते ऐकतो, वन-छिंग ऐकत नाही. सुटून आल्यावर तो मृतांच्या वस्तू त्यांच्या घरी पोचवतो, आणि एका कापडावर रक्ताने लिहिलेला, आपण निर्दोष असल्याचा निरोप घरच्यांच्या हाती पडतो. हत्या पडद्यावर होत नाही. ती घरात पोचते. चित्रपटाने जी जागा निवडली ती ही आहे. घटना कशी घडली हे नव्हे, तर ती घरांना कशी कळली, आणि कळूनही कशी बोलता आली नाही, हा त्याचा विषय आहे. चाळीस वर्षांच्या सक्तीच्या मौनाचे घरोघरचे रूप हेच होते. या अर्थाने घर येथे प्रधानच आहे. घटनेला बाजूस सारून ते पुढे आलेले नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ (१९६४) या लहानशा कादंबरीतून परिचित असावा. गांधीहत्येनंतर १९४८ साली महाराष्ट्रातील खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तो तिचा विषय. एवढ्या स्फोटक विषयाला माडगूळकरांनी आवाज न चढवता हात घातला. तीत आक्रोश का नाही, असे कोणी विचारू शकेल. तसेच आक्रोश असता तर गावातील माणसे एकमेकांना पूर्ववत माणसे म्हणून दिसली असती का, असेही विचारता येईल. संयत निवेदन काही गमावते आणि काही राखते. त्याने काय गमावले हे सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून, त्याने काय राखले याचे कौतुक करण्याचा अधिकार समीक्षकाला पोचत नाही.

७

तेव्हा ‘विषादनगरी’ संथ आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तो एकच प्रश्न नाही. कोणाला भाषा आणि इतिहास कळले नाहीत म्हणून ती संथ वाटते. त्याला ते सांगावेत. कोणाच्या डोळ्यांना तिची लय अपरिचित आहे. त्याला ती दुसऱ्यांदा पाहू द्यावी, आणि दुसऱ्यांदाही कंटाळा आला तर तो प्रामाणिक मानावा. कोणाला तिच्यात न्याय अपुरा वाटतो. त्याच्याशी वाद घालावा, परंतु त्याला चित्रपट पाहण्याचे धडे देऊ नयेत. या तिघांना एकाच मापाने मोजून ‘अरसिक’ ठरवणे ही समीक्षेची सोय आहे, समीक्षा नव्हे. सहृदय हा जन्मजात अधिकारी पुरुष आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु विघ्नांची यादी देणाऱ्या आचार्याने सहृदयतेचा मार्ग अडथळे ओळखण्यातून जातो हेही सुचवले आहे.

१९८९ साली तैवानमध्ये जे प्रेक्षक गेले, ते घरात ज्याचा उच्चार होत नव्हता त्याचा उच्चार ऐकण्यासाठी गेले. २०२३ साली या चित्रपटाची नव्याने सिद्ध केलेली प्रत तेथे पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा प्रेक्षकांत अशीही पिढी होती की, जिला तो विषय शाळेतच कळलेला होता. पहिल्यांना चित्रपट सांगतो ते फार थोडे वाटले असेल; दुसऱ्यांना त्यातील मौन समजून घ्यावे लागले असेल. चित्रपट तोच, त्याची १५७ मिनिटेही तीच. चित्रपटाच्या शेवटी हिनोमी घरी लिहिलेल्या पत्रात नवरा पकडला गेल्याचे कळवते, आणि त्याच पत्रात बाळाला दात येत असल्याचेही कळवते. या दोन बातम्या एकाच कागदावर, एकाच स्वरात लिहिल्या गेल्या आहेत. दुसरी बातमी वाचताना ज्याला पहिलीचा विसर पडत नाही, त्याला चित्रपटाची गती कळली असे समजावे. वेस्ट मांबलमच्या त्या घरात तिघांपैकी कोणा एकाला ती पूर्ण कळेल असे नाही. परंतु चित्रपट संपल्यावर तिघे एकमेकांशी बोलले, तर तिघांना मिळून ती कळण्याचा संभव आहे.